उडणाऱ्या माणसाचं माप

उडणाऱ्या माणसाचं माप उभ्याने घेऊन चालत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पस्तीस वर्षं बँडवाल्यांचे कोट शिवून झाल्यावर, वयाच्या साठीला, एका मोटर वायंडिंगवाल्याला कापायच्या टेबलावर पालथं झोपवून मी ते शिकले. हात पुढे, मान वर, पाय ताणलेले. अशा अवस्थेत माणसाची पाठ चार बोटं आखूड होते आणि पोट तेवढंच लांब. उभ्या मापाचा ड्रेस घालून तो उडायला गेला, तर पाठीवर चुण्या पडतात आणि पुढची शिवण ओढली जाते.

मी टेप घेऊन त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत मोजत होते, तेवढ्यात एक बँडमास्तर आपल्या लोकांच्या कोटांची चौकशी करायला दुकानात आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बिमार आहे काय हा, मेश्रामबाई?"

"नाई," मी म्हटलं, "उडून राहिला आहे."

ते कोटांचं न विचारताच गेले. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं.

माझं दुकान पूर्व नागपुरात, लकडगंजपासून चालत दहा मिनिटांवर आहे. माझे मिस्टर कापायचे, मी शिवायची. ते गेल्यावर कापायलाही मीच लागले. पाटीवर अजून 'बँड पार्टी ड्रेस व नाटकाचे कपडे' एवढंच आहे. पण गेल्या काही वर्षांत लग्नाचे बँड कमी झाले, डीजे वाढले, आणि माझ्याकडे एक नवीनच गिऱ्हाईक येऊ लागलं: फॅन फिल्मवाले. फॅन फिल्म म्हणजे ज्या हीरोवर आपला जीव आहे, त्याचा सिनेमा आपणच आपल्या कुवतीप्रमाणे काढायचा आणि फुकट इंटरनेटवर टाकायचा. विकायचा नाही. शिकलेली, कमावती, पोराबाळांची माणसं हे करतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांना घरी कामं नाहीत काय. आता वाटतं, घरची कामं उरकून हे करतात म्हणूनच त्यांचं कौतुक.

कळमेश्वरच्या एमआयडीसीतला एक फिटर जुन्या कूलरच्या पत्र्याचं चिलखत करून आला होता. पत्रा त्याने इतका सफाईने वाकवला होता, की मी त्यावर हात फिरवत राहिले. पण शूटिंग मे महिन्यात. आत माणूस शिजला असता. मी त्याला आतून सुती कापडाचं जाकीट शिवून दिलं आणि त्याला छातीवर-पाठीवर आठ खिसे ठेवले, बर्फाच्या पिशव्यांसाठी. एका दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हिरॉईनचा ड्रेस शिवून घेतला. त्यांची अट एकच. "काकू, खिसा पाह्यजे. जगाले वाचवाले निघाली बाई, मोबाईल कुठं ठेवन?" परदेशातल्या कुठल्याच हिरॉईनला हा प्रश्न का पडला नाही, कोण जाणे. मी दोन खिसे ठेवले.

पण सांगायची गोष्ट आहे ती प्रफुल्लची.

प्रफुल्ल नरखेड तालुक्यातल्या एका गावचा. वय छत्तीस, अंगाने काटकुळा, बोलताना खाली पाहणारा. त्याचा धंदा विहिरीतल्या मोटरी दुरुस्त करण्याचा. मोटर जळली की शेतकरी त्याला बोलावतो, तो दोराने विहिरीत उतरतो, मोटर सोडवतो, वर काढून घरी आणतो, नवीन तार भरतो आणि पुन्हा खाली नेऊन बसवतो. संत्र्याच्या बागेला पाणी तुटून चालत नाही, त्यामुळे त्याला उसंत नसते. बायको वंदना गावातच शिवणक्लास चालवते आणि प्रफुल्लच्या सगळ्या फिल्मा तीच मोबाईलवर शूट करते.

प्रफुल्लचा हीरो परदेशी कॉमिक्समधला, उडणारा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तो कुण्या बड्या कंपनीचा आहे आणि प्रफुल्लने त्यांची परवानगी घेतली नव्हती. त्यावर एक पैसाही कमावला नव्हता, हेही खरं. त्याचा हीरो वऱ्हाडी बोलायचा. "तू काहून त्रास देऊन राहिला गा लोकाइले?" असं तो व्हिलनला विचारायचा. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, की हीरोने शुद्ध मराठी बोलावं. प्रफुल्लने उत्तर लिहिलं, "त्याले मराठी येते हेच पुष्कळ आहे."

तो माझ्याकडे आला तो फजिती होऊन. पहिला ड्रेस वंदनाने घरीच शिवला होता, चकचकीत साटीनचा. साटीन ताणलं जात नाही. पोळ्याच्या सुट्टीत गावाच्या चौकात मारामारीचं शूटिंग होतं, अर्धं गाव पाहायला आलेलं. प्रफुल्लने लाथ उचलली आणि ड्रेस पुढून मागपर्यंत उसवला. कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाईलवर घेतला आणि तो तालुकाभर फिरला. त्याच्या खऱ्या फिल्मा कुणी पाहिल्या नसतील तेवढा तो पाहिला गेला. लोक मोटर दुरुस्तीला बोलावताना फोनवर हसायचे. तो चौकात जायचा बंद झाला. चहा घरीच प्यायचा.

"काकू," तो माझ्या दुकानात खाली पाहत म्हणाला, "असा ड्रेस शिवा का मी उलटा-पालटा झालो तरी फाटला नाई पाह्यजे."

मी लायक्राला कधी हात लावला नव्हता. बँडचा कोट जाड कापडाचा, आत कॅनव्हास. माणूस कसाही असो, कोट त्याला ताठ उभा करतो. लायक्राचं उलटं. ते अंगापेक्षा कमी मापाचं कापायचं आणि अंगावर ताणून पुरं करायचं. साधी सुई त्याचे धागे तोडते, म्हणून बोथट टोकाची सुई लागते. सरळ टीप ताणली की तुटते, म्हणून नागमोडी टीप. आणि दोन पाय जिथे मिळतात तिथे कापडाच्या तुकड्याची चौकोनी कळी टाकायची, म्हणजे लाथ कितीही वर गेली तरी शिवणीवर जोर येत नाही. तीन ड्रेस मी वाया घालवले. चौथा प्रफुल्लने घातला, दुकानात दोन लाथा मारल्या, एक उठाबशी काढली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहून हसला.

"आता एक बेल्ट पाह्यजे काकू," तो म्हणाला. "आतून घालाचा. मले लटकाचं आहे."

"कुठं लटकाचं आहे?"

"मोटर वर काढाची घोडी आहे नं माह्याकडं, चेनपुलीवाली. त्याच्यावर. या खेपी खरंच उडाचं आहे."

मी म्हटलं, "ड्रेस घेऊन जा. बेल्ट मी शिवत नाई."

त्याने कारण विचारलं. मी त्याला सांगितलं नाही. इथे सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचे कपडे मी शिवायची. त्यांच्या एका नाटकात देव आकाशातून खाली येतो असा प्रवेश होता. देवाचं काम नथ्थूजी नावाचे नट करायचे, भारदस्त आवाजाचे, गावोगावच्या बाया ज्यांच्या खरंच पाया पडायच्या असे. त्यांना दोराने वरून सोडण्यासाठी कमरेचा पट्टा हवा होता. मी सुती पट्टा घेतला आणि जोडावर टिपा घातल्या, जवळजवळ, आडव्या, एकावर एक. जितक्या जास्त टिपा तितकं मजबूत, असं मला वाटलं. पण सुईचं प्रत्येक छिद्र पट्ट्याचा थोडा जीव घेतं. जवळजवळ छिद्रांची आडवी रांग पाडली, की पट्टा पोस्टाच्या तिकिटासारखा त्याच रेषेवर फाटतो. तालमीत, भर दुपारी, मी समोर बसलेली असताना तो फाटला. नथ्थूजी बारा फुटांवरून लाकडी मंचावर पडले. कमरेचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात गेले.  ते म्हणाले, "बाई, देव पडला तं लोक हसतात. मी पडलो तं सारे रडले. म्हणजे काम चांगलं करत होतो मी." त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पुढे ते लंगडत चालायचे आणि फक्त सिंहासनावर बसलेल्या राजाची कामं करायचे. त्यानंतर मी माणूस लटकेल असं काही शिवलं नाही.

आठवड्याने वंदना एकटीच आली. तिने पिशवीतून एक बेल्ट काढून टेबलावर ठेवला. तिने स्वतः शिवलेला. मी तो उलटा केला. जवळजवळ टिपा, आडव्या, एकावर एक.

"हा घालून तो लटकला काय?"

"नाई अजून. रविवारी लटकणार आहे."

"वंदना, याच्यात त्याले लटकवू नको वं."

"मंग तुमी शिवून द्या," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, थकली होती. "काकू, तो थांबत नाई. दिवसभर लोकाच्या विहिरीत उतरून राह्यते तो. त्याले एकडाव वर जाचं आहे. मी नाई म्हणू कशी?"

मी तो बेल्ट तिच्यासमोर कात्रीने कापला. मग आम्ही दोघी चालत लकडगंजला गेलो, ताडपत्री आणि दोरखंडाच्या दुकानात. ट्रकवर माल बांधायचा पॉलिएस्टरचा पट्टा घेतला, तीन बोटं रुंद. माझ्या मशीनला तो झेपणार नव्हता. ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे जड मशीन होती, ती मी मागून घेतली आणि स्वतः बसले. लांब लांब टिपा, जोडाच्या लांबीतून. चौकोन आणि त्यात फुली, म्हणजे जोर एका रेषेवर न येता सगळीकडे वाटला जातो. एक पट्टा कमरेला, दोन मांड्यांना, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, कारण एकाच कडीवर माणूस गरगर फिरतो. वंदना बाजूला उभी राहून प्रत्येक टीप पाहत होती. आपली चूक कुठे झाली ते मी न सांगताच तिला कळलं. शिवणारीला कळतंच.

"रविवारी मी येणार म्हण त्याले," मी म्हटलं. "मी येईपर्यंत कोणी लटकाचं नाई."

एसटीने नरखेड, तिथून प्रफुल्लच्या मोटरसायकलवर त्यांच्या घराला लागूनचं शेत. संत्र्याची दीडशे झाडं, फळं अजून हिरवी. बांधावर गावची तीस-चाळीस माणसं आधीच येऊन बसलेली. मी घोडी पाहिली आणि जागीच उभी राहिले. तीन पायांची ती लोखंडी घोडी थेट विहिरीवर उभी होती.

"विहिरीवर काहून?"

"खालची जमीन दिसत नाई काकू," प्रफुल्ल म्हणाला. "वरून शॉट घेतला का खोल दिसते. उंच उडाल्यासारखं वाटते."

"आन् पडला तं?"

"मी रोजच उतरतो नं विहिरीत."

"उतरणं वेगळं न् पडणं वेगळं. काढ ती घोडी तिथून."

तो अडून बसला. त्याचा सगळा शॉट त्या विहिरीवर बेतलेला होता आणि बांधावरचे लोक पाहत होते. पुन्हा फजिती होते की काय, अशी त्याला भीती असावी. तिढा सोडवला वंदनाने. ती घरून बाज घेऊन आली, मोकळ्या जागेत टाकली, तिच्यावर उताणी झोपली आणि मोबाईल आभाळाकडे धरला. मग नवऱ्याला तो मोबाईल दाखवला. "पाह्य. खालून घेतलं तं जमीनच येत नाई. सारं आभाळच आहे."

घोडी मोकळ्या जागेत आली. तिच्याखाली सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, कमरेइतका ढीग घातला आणि वर चार गाद्या. बाज बाजूला सरकवली.

आधी मी सरकीच्या ढेपेची दोन पोती बेल्टमध्ये बांधून टांगायला लावली. प्रफुल्लच्या दुप्पट वजन. ती तासभर लटकवली, हलवली, झटके दिले, खाली घेऊन पुन्हा वर ओढली. उतरवल्यावर प्रत्येक जोड भिंगाने तपासला. एक धागा सुटला नव्हता. बांधावरचे लोक कंटाळून घरी जेवून परत आले.

"झालं काकू?" प्रफुल्ल पुढे आला. अंगात निळा ड्रेस, चेहऱ्यावर पावडर.

मी बेल्ट त्याच्या कमरेला लावायला घेतला. कडीत कडी जाईना. डोळ्यांपुढे तो लाकडी मंच दिसत होता. पोतं बोलत नाही, त्याला बायको नसते. पोतं टिकलं म्हणून माझं समाधान होईना.

"थांब," मी म्हटलं. "पह्यले मी."

"तुमी?"

"माहं वजन तुह्याहून जास्त आहे. मी टिकली तं तू टिकशीन."

"काकू, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे."

 वंदनाने मला घरात नेलं, साडी बदलून स्वतःचा सलवार-कुर्ता दिला, आणि बेल्ट स्वतःच्या हाताने बांधला. कड्यांमध्ये तारेचे दोर अडकवले. बांधावर आधी हसू झालं, मग कुजबुज. चेन प्रफुल्लच्या हातात होती. तो ती एकेक कडी ओढू लागला, खट, खट. पट्टा मांड्यांत रुतला. टाचा सुटल्या. मग चवडे.

मी डोळे मिटले नाहीत. कान टिपांकडे लावले होते. फाटणारा पट्टा आधी कुरकुरतो, तो आवाज माझ्या कानात वीस वर्षं बसला आहे. तो आला नाही. वारा आला. मी हळूहळू पालथी झाले, जशी प्रफुल्लला मी टेबलावर झोपवलं होतं तशी, आणि संत्र्याच्या झाडांचे शेंडे माझ्या खाली गेले. झाड वरून कसं दिसतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. दूर डांबरी रस्त्यावरून एसटी चालली होती. खाली वंदना तोंड वर करून उभी होती, दोन्ही हात पसरून, जसं काही मला झेलणारच होती.

"काकू, उतरवू काय?" खालून प्रफुल्लचा घाबरा आवाज.

नथ्थूजींना मी मनातल्या मनात काय म्हटलं ते इथे लिहिणार नाही. डोळे पुसायला हात मोकळे होते, तेवढं बरं झालं.

"थांब," मी ओरडले. "अजून थोडं वर घे गा."

मला उतरवल्यावर बांधावरची माणसं टाळ्या वाजवत होती. मग प्रफुल्ल चढला. मी खाली उभी राहून त्याच्याकडे नाही, फक्त जोडांकडे पाहत होते, म्हणून त्याचं पहिलं उडणं मी पाहिलंच नाही. चार माणसांनी घोडीच्या चेनला दोर बांधून त्याला झुलवलं. वंदना बाजेवर उताणी पडून शूट करत होती. तो एकदाही खाली पाहत नव्हता, असं तिने नंतर सांगितलं.

फिल्म पुरी व्हायला तीन महिने लागले, कारण आभाळात त्याला धरणाऱ्या त्या दोन तारा वंदनाने एकेका चित्रातून स्वतः पुसल्या. सकाळी स्वयंपाक, दुपारी शिवणक्लास, आणि क्लास सुटल्यावर जुन्या कॉम्प्युटरवर तारा पुसणं. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, हे मला तिच्याकडून कळलं. हाताने टाके उसवणाऱ्या बाईला हे काम जमावं, यात मला नवल वाटलं नाही. पण तिने ते केलं याचं वाटलं.

गावच्या शाळेच्या हॉलमध्ये संक्रांतीच्या सुट्टीत, दुपारी, खिडक्यांना ताडपत्री लावून ती दाखवली. अठरा मिनिटांची. खोटं सांगत नाही, तिच्यात खोट खूप होती. आवाज मागे-पुढे व्हायचा, व्हिलनची दाढी एका बाजूने सुटली होती, आणि मारामारीत मागून एक म्हैस शांतपणे निघून गेली. लोक हसले. ज्यांनी तो फाटक्या ड्रेसचा तुकडा मोबाईलवर फिरवला होता, ते पहिल्या रांगेत बसून हसत होते, आणि प्रफुल्ल भिंतीला टेकून खाली पाहत उभा होता. मला त्याच्याजवळ जावंसं वाटत होतं, पण गर्दीतून वाट नव्हती.

मग तो उडाला. पडद्यावर नुसतं आभाळ होतं आणि त्यात हात पुढे केलेला एक काटकुळा निळा माणूस. हॉलमधलं हसू थांबलं. ड्रेसवर एक चुणी नव्हती, हे मी आधी पाहिलं. बाकीचं नंतर.

माझ्या बाजूला शेजारच्या गावची एक म्हातारी बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पडद्यावरची नजर न काढता तिने मला कोपराने ढोसलं.

"बाई, याले उडाले कोणती मशीन लावली असन वं?"

"शिलाई मशीन," मी म्हटलं.

ती हसली नाही. डोळे बारीक करून तिने पडद्याकडे नीट पाहिलं. प्रफुल्ल या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला.

"मजबूत आहे," ती म्हणाली.